उत्तमच्या नावाची दवंडी

सरकारी नोटीस परत घेता येते. साहेब रद्द करतात, कोर्ट थांबवतं, कधी नाव चुकलं म्हणून आम्हीच गुपचूप घरी आणून ठेवतो. दवंडी मात्र परत घेता येत नाही. एकदा चौकात आवाज सुटला की तो कोणाच्या घरात शिरला आणि तिथे त्याने काय केलं, हे देणाऱ्याला कधी कळत नाही. मी एकतीस वर्षं दवंड्या दिल्या. त्यातली एकच चुकीची दिली, आणि तीच आज सांगायची आहे.

कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसांना ठाण्यातला बडा अधिकारी वाटतो. माझ्या जावयाच्या आईला पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं आणि मीही ते दुरुस्त केलं नाही. खरं म्हणजे महसूल खात्याची ही शेवटची पायरी. तलाठी सांगेल तो निरोप न्यायचा, नोटीस बजावायची, माणूस घरी नसला तर दारावर डकवायची, पूर आला तर नाल्यावर उभं राहायचं, आणि गावाला काही कळवायचं असलं की डफडं गळ्यात अडकवून चौकाचौकात ओरडायचं. माझं गाव फुलसावंगीच्या अलीकडे, महागाव तालुक्यातलं. गावात मला नाव नव्हतं. लहानथोर सगळे 'कोतवाल' म्हणायचे. बायकोसुद्धा शेजारणीला 'कोतवाल जेवून गेले' असंच सांगायची.

या कामाला दारू चिकटून येते. विहिरीतून प्रेत काढायचं म्हटलं की पहिला बोलावतात कोतवालाला. दोर धरायचा, पंच व्हायचं, आणि डॉक्टर येईपर्यंत प्रेताजवळ बसून राहायचं. अशा वेळी कोणीतरी हातात पव्वा ठेवतं, 'घे कोतवाल, त्याबिगर सोसत नाही.' पहिल्यांदा घेतला तेव्हा खरंच सोसत नव्हतं. पुढे विहिरीत कोणी नसलं तरी सोसेना. पण मी स्वतःला दारुडा समजत नव्हतो. दारुडा म्हणजे नालीत पडतो तो. मी आपला काम संपवून, घराच्या मागच्या बाजूला, एकच पव्वा घ्यायचो. रोज घ्यायचो, एवढंच.

आमच्या गावाला लागून बंजारा तांडा आहे. तिथला उत्तम राठोड. हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव एकदा चौकात ओरडून झालंय, दुसऱ्यांदा छापायची माझी हिंमत नाही. हे सगळं लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं आहे आणि त्याने दोन ठिकाणी मला खोडायला लावलं आहे. उत्तमची जमीन चांगली, कापूस आणि तूर चांगली पिकवायचा. होळीला लेंगी गायला उभा राहिला, डफ हातात घेतला, की आमच्या गावातली माणसंही तांड्यावर ऐकायला जात. मग दारूने त्याला धरलं. दोन होळ्या तो गायला उभाच राहिला नाही. एकदा रक्ताची उलटी झाली, यवतमाळच्या दवाखान्यात पंधरा दिवस राहावं लागलं. सुटी देताना डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की यापुढे एक घोटही पोटात गेला तर परत इथे आणून उपयोग होणार नाही.

ती बायको, शेवंताबाई, एका सकाळी माझ्या अंगणात येऊन उभी राहिली.

"कोतवाल भाऊ, तुमाले सारे हापिस मालूम हायेत. थे दारू सोडाची मीटिंग भरते म्हनते, दवाखान्यात एका बाईनं सांगतलं. आपल्या इकडं कुठी भरते, तेवढं पाहून द्या."

"मोबाइलवर पाह्यलं का?"

"पोरीनं पाह्यलं. नागपूर दाखवते, पुनं दाखवते. नागपूरले त्याले कोन नेईन रोज? घरी आल्यापासून नऊ दिवस झाले. रोज दुपार झाली का दारात येऊन उभा राह्यते, भाऊ. रस्त्याकडं पाह्यते. मी त्याच्याकडं पाह्यतो."

माणूस शोधणं हा माझा धंदाच. मी तिला म्हणालो, दोन दिवसांत सांगतो. पण नोटीस बजावायला तीन गोष्टी लागतात, नाव, बापाचं नाव आणि ठिकाण. मीटिंग भरवणाऱ्यांच्या तिन्ही नव्हत्या. तहसीलमध्ये विचारलं, बाबू हसला. सरकारी दवाखान्यात विचारलं, सिस्टरने एक जुना कागद दिला, त्यावरचा फोन लागेना. गावोगाव बोर्ड आहेत, बचत गटाचे, भजनी मंडळाचे, दूध संघाचे. यांचा बोर्ड नाही. एकाला विचारलं तर तो माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तुमाले पाह्यजे का?" मी त्याला झाडला.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या पद्धतीवर आलो. लपलेला माणूस शोधायचा तर त्याच्या घरी जायचं नाही, पानठेल्यावर जायचं. महागावात एका पानठेल्यावर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, घोटून घेता घेता मी विचारलं. ठेलेवाल्याने आजूबाजूला पाहून घेतलं. मग म्हणाला, "दर गुरवारी साडेतीनले आठ-दहा मानसं येते. एकमेकाले ओळखते, पन रस्त्यावर बोलत नाही. दोन-दोन चहा घेते आन् त्या बोळात जाते. समोर दुकान हाय दारूचं, तिकडं मान नाही वळवत." मी गुरुवारी जाऊन बसलो आणि त्यांच्या मागे मागे बोळात गेलो. एक बंद पडलेली बालवाडी, एकच खोली, समोर पायरी. खोली कुठली ते लिहीत नाही.

एक उंच, वाकलेले गृहस्थ दार उघडत होते. निवृत्त वायरमन. सगळे त्यांना दादा म्हणत. मी माझा बिल्ला दाखवून सांगितलं की एका माणसाला आणायचं आहे.

"आणा," दादा म्हणाले. "इथं आडनाव लागत नाही. आन् इथलं इथंच राहते, एवढं ध्यानात ठेवा. तुमी पण बसता का?"

"नाही, मी फक्त आणून सोडीन."

पुढच्या गुरुवारी मी उत्तमला काळीपिवळी जीपमध्ये बसवून नेलं. तो आत गेला आणि मी पायरीवर बसलो. असे सात गुरुवार गेले. खिडकी पायरीच्या डोक्यावर होती, आतलं सगळं ऐकू यायचं. माणसं आपलं सांगत. कोणी सल्ला देत नसे, कोणी हसत नसे. दादा म्हणायचे, जन्मभराचं सोडा, हा तास काढा. बाटली समोर आली तर हिसकणाऱ्याला सांगा की हिसकू नको, जवळ बस. मी हे सगळं उत्तमसाठी ऐकतोय अशी माझी समजूत होती. शेवटची पंधरा मिनिटं उरली की मी 'चहा घेऊन येतो' म्हणून उठायचो आणि बोळाच्या तोंडाशी रस्ता ओलांडायचो. परतीच्या काळीपिवळीत खिडकीशी बसून तोंड बाहेर ठेवायचो.

आत जाणाऱ्यांत आमच्याच गावातला एक दुकानदार होता. पायरीवर मला पाहून तो पहिल्यांदा मागे फिरला होता. मी मान दुसरीकडे केली तेव्हा आत गेला. त्याच्याबद्दल मी कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. म्हणजे तोंड बंद ठेवणं मला जमत होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागतं.

सातव्या गुरुवारी दादांनी बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा माणूस टिकून राह्यला. गावात आणखी कोणाले गरज असन तर सांगा." दुसऱ्याच दिवशी शेवंताबाईने घरी बोलावून चहा दिला. उत्तम अंगणात कुंपणाचे खांब रोवत होता आणि तोंडात लेंगी पुटपुटत होता. ती नुसती तिकडे बघत राहिली, आणि मला फार भरून आलं. इतकी वर्षं नोटिसा वाटून एकाही घरात माझ्या येण्याने कोणाला बरं वाटलं नव्हतं. आपण एक माणूस वाचवला असं मला वाटलं. आणि चांगली खबर पोहोचवायची मला एकच रीत ठाऊक होती.

बुधवारी सकाळी पीक पाहणीची दवंडी होती. तांड्यावर नायकाच्या ओट्यासमोर, म्हणजे तांड्याच्या मुख्य म्हाताऱ्या माणसाच्या घरासमोर, मी डफडं वाजवलं.

"ऐका हो ऐका! ज्याची पीक पाहणी राह्यली त्यानं मोबाइलवर नोंदवून घ्या हो! आन् ज्याले दारू सोडाची हाय त्यानं दर गुरवारी महागावले चला हो! आपल्या तांड्याचे उत्तम राठोड मीटिंगले जाऊन राह्यले, त्याहिची दारू सुटली हो!"

नायक बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आत गेला. मला ती शाबासकी वाटली. मग गावातले चार चौकही मी तसेच केले.

उत्तम पितो हे गावालाही माहीत होतं आणि तांड्यालाही. पिण्याची लाज कोणाला नव्हती, कारण बोट दाखवणाऱ्याच्या घरीही बाटली होती. लाज होती ती सोडायला जाण्याची. संध्याकाळपर्यंत उत्तमला 'मीटिंगवाला' हे नाव पडलं. पानठेल्यावर एकाने त्याच्यासमोर उभं राहून हात जोडले आणि म्हटलं, "महाराज, आमाले पन सुधरवा." त्याच्या मोठ्या मुलीला बघायला बाभुळगावकडून पाहुणे येणार होते. त्यांच्याकडून रात्रीच निरोप आला, सध्या थांबू. पिणारा सासरा त्यांना चालला असता. मीटिंगला जाणारा म्हणजे काहीतरी मोठा रोग, असं त्यांना कोणीतरी सांगितलं.

हे सगळं मला गुरुवारी कळलं, दुपारी एक वाजता, थांब्यावर उत्तमची वाट बघत असताना, तिथल्या माणसांच्या तोंडून. उत्तम आला नाही. शेतातल्या वाटेने शेवंताबाई आली, पायात चप्पल नव्हती.

"सकाळीच फुलसावंगीले गेलता. आला, पन घरात नाही आला. सिद्धा वावरात गेला. पिशवीत बाटली हाय, भाऊ."

"हिसकली नाही?"

"नाही. हात लावला असता त त्यानं तिथंच तोंडाले लावली असती." तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ते मला जास्त वाईट वाटलं. "तुमी काहून असं केलं?"

सकाळच्या निरोपासाठी घेतलेलं डफडं अजून गळ्यातच होतं. तसाच धावत सुटलो. शेवंताबाई मागून येऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, थांबली.

कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी वाढली होती, बोंडं फुटली होती, वेचायला माणूस नव्हता. मधोमध विहीर. उत्तम तिच्या काठावर पाय आत सोडून बसला होता आणि बाटली त्याच्या शेजारी होती. मी बाटलीच्या आधी विहीर बघितली. या तालुक्यात मी किती विहिरींवर दोर धरलाय ते मला माहीत आहे.

"तिथंच थांब," उत्तम मागे न बघता म्हणाला. "डफडं घेऊनच आला? दे मंग दवंडी. उत्तमनं बाटली आनली म्हनून दे."

"चुकलो, गड्या."

"चुकलो म्हटल्यानं काय होते? पोरगी कालपासून जेवली नाही. मले म्हनते, बाबा, तुमी पीत होते तेच बरं होतं." तो विहिरीत खाली बघत होता. "माह्या पोरीनं म्हटलं मले हे."

"पाय बाहेर घे, उत्तम. मंग पाह्यजे तेवढ्या शिव्या दे."

बराच वेळ तो हलला नाही. मग त्याने पाय बाहेर घेतले आणि माझ्याकडे तोंड करून बसला. बाटली मांडीवर घेतली. मी चार हातांच्या अंतरावर मातीत बसलो. झडप घालावी असं हातांना वाटत होतं. खिडकीतून ऐकलेलं आठवलं, हिसकू नको, जवळ बस. वस्तूला हात न लावता साहेब येईपर्यंत तिच्याजवळ बसणं, हे तर माझं जन्माचं काम होतं. इथे साहेब येणार नव्हते, एवढाच फरक.

त्याने झाकण फिरवलं. सील तुटल्याचा आवाज झाला. वास आला.

"डॉक्टरनं काय सांगतलं, मालूम हाय ना?" मी म्हणालो.

"मालूम हाय."

"शेवंताबाई धुऱ्यावर उभी हाय."

"मालूम हाय."

त्याने बाटली वर उचलली, ओठांपासून वीतभर अंतरावर थांबवली. मी श्वास धरून बसलो होतो. आणि त्याच वेळी, सांगायला लाज वाटते पण सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. सकाळपासून काही पोटात गेलं नव्हतं, वारा माझ्याच दिशेने होता. उत्तमने बाटली खाली घेतली आणि माझ्याकडे टक लावून बघितलं.

"कोतवाल, तू माह्याकडं नाही पाहून राह्यला. तू बाटलीकडं पाहून राह्यला."

मी नजर बाटलीवरून काढून विहिरीकडे वळवली.

"सात गुरवार पायरीवर बसला. आत काहून नाही आला?"

"मले काय झालं आत याले?"

तो हसला. ते हसणं बरं नव्हतं. "येताना गाडीत तोंड बाहेर काढून बसते. मले वास नाही येत का? मले? आत एक एक मानूस आपलं फाडून दाखवते, आन् तू बाहेर बसून ऐकते, मंग जाऊन पव्वा मारते. आन् दवंडी कोनाची? उत्तमची."

इतक्या वर्षांत मला तहसीलदार बोलले, पोलीस बोलले, गावाने शिव्या दिल्या. असं कोणी बोललं नव्हतं. रागाने मी उठलो. निघून जावं असं वाटलं. पण गेलो असतो तर तो ती प्यायला असता, आणि मग त्याच्या दोराचं एक टोक माझ्याच हातात आलं असतं.

"काय करू म्हनतो?" मी विचारलं.

"परत घे दवंडी."

"परत नाही घेता येत."

"मंग दुसरी दे. तुह्या नावाची. जिथं माह्यी देल्ली तिथं." त्याने बाटली उचलली. "मी संगच येतो. अन् हे बी संग येईन. तू मंधात थांबला त मी पेतो."

आम्ही पऱ्हाटीतून निघालो. पुढे मी, मागे तो, हातात उघडी बाटली, मागे बऱ्याच अंतरावर शेवंताबाई. दोन वाजत आले होते. वाटेत भेटणारी माणसं बाजूला होत होती. नायकाच्या ओट्यासमोर मी उभा राहिलो. म्हातारा आतून बाहेर आला. बायका दारांत आल्या. मी डफड्यावर काडी मारायला हात उचलला आणि हात थरथरून काडी खाली पडली. भीतीने थरथरला की काल रात्रीनंतर घेतली नव्हती म्हणून, मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्यांदा उचलली, दुसऱ्यांदा पडली. कोणीतरी हसलं.

उत्तम पुढे आला. मग त्याने माझ्या गळ्यातलं डफडं काढून घेतलं. डफडं वाजवायला दोन हात लागतात. त्याने बाटली खाली मातीत ठेवली, डफडं गळ्यात घातलं आणि वाजवलं. दोन होळ्यांनंतर त्याच्या हाताचा ठोका तांड्याने ऐकला. हसणारा गप्प झाला.

"ऐका हो ऐका," मी म्हणालो. ते सवयीने निघालं. "कोतवाल दारू पेते हो."

ठोका थांबला. "नाव घे," उत्तम म्हणाला. "माह्यं पुरं घेतलं होतं."

मला माझं नाव उच्चारता येईना. शेवटी मी ते घेतलं, बापाच्या नावासकट. माझं नाव किसन. म्हणालो, मी रोज पितो, लपून पितो, आणि दुसऱ्याला मीटिंगला नेऊन स्वतः पायरीवर बसतो. उत्तमची खबर द्यायचा मला काही हक्क नव्हता. आज चार वाजता मी पण आत जाणार आहे. शेवटचे शब्द मला स्वतःलाच नीट ऐकू आले नाहीत, पण उत्तमने त्यावर ठोका दिला, म्हणजे पोहोचले असावेत.

गावातले चारही चौक आम्ही तसेच केले. तिसऱ्या चौकात माझी बायको दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. तांड्यावर विसरलेल्या बाटलीचं काय झालं ते नंतर कळलं. शेवंताबाईने ती सगळ्यांदेखत उकिरड्यावर रिकामी केली. तिला कोणी अडवलं नाही.

महागावला पोहोचायला साडेचार झाले. उत्तम दार ढकलून आत गेला. मी पायरीपाशी अडखळलो. दादा बोलत होते, ते मध्ये थांबले नाहीत. फक्त पायाने एक रिकामी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

उत्तमच्या मुलीचं पुढच्या वर्षी दिग्रसकडे जमलं. तो आता होळीला उभा राहतो. मी दोनदा घसरलो, एकदा निवृत्तीच्या दिवशीच, पण परत जाऊन बसलो. हे सगळं चांगलं झालं. आमच्या गावातला तो दुकानदार मात्र पहिल्या दवंडीनंतर त्या खोलीत पुन्हा आला नाही. आज उत्तमचं नाव घेतलं, उद्या हा माझं घेईल, असं त्याला वाटलं असणार, आणि तसं वाटण्यासारखंच मी केलं होतं. मी दोनदा त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. त्याने दोन्ही वेळा मला खर्ऱ्याची सुपारी बांधून दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या मृत्यूची खबर तलाठ्याकडे मीच नेली. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात जड कागद होता. त्याच्या बायकोला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायचं असतं तरी ते माझं नाही, त्याचं होतं.

डफडं आता घरी खुंटीला आहे. गुरुवारी मी लवकर जातो, खोली झाडतो आणि दाराशी बसतो. बाहेर पायरीवर कोणी नुसतंच बसलेलं दिसलं तर जाऊन त्याच्याजवळ बसतो. त्याला नाव विचारत नाही. माझं सांगतो, त्याच्यापलीकडे जाणार नाही एवढ्या आवाजात.